लाल खुणेपासून अकरा अंश

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, रोध वाढला.

वाढायला नको होता. गेली दोन वर्षं तो न चुकता कमी होत आला होता. जळगावातल्या एका कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात, तळमजल्यावरच्या चुंबकाच्या खोलीत, पुनम स्क्रीनसमोर बसली होती. चुंबकाचा करंट ती सवयीने थोडा थोडा वाढवत होती. स्क्रीनवर ठिपक्यांची रांग उमटत होती. ही रांग डावीकडून उजवीकडे उतरत जायची. आज ती चढत होती. पुनमने चुंबक शून्यावर आणला, चहा प्यायली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. रांग पुन्हा चढली.

तिने तारा तपासल्या. तारा शाबूत होत्या. पाण्याचा पंप चालू होता, नायट्रोजन पुरेसा होता, तापमान जिथे असायला हवं तिथेच होतं. दोन लोखंडी गाभ्यांमधल्या फटीत स्टीलचा उभट जार, जारात द्रव नायट्रोजन, नायट्रोजनमध्ये वरून सोडलेली हातभर लांबीची दांडी आणि दांडीच्या तळाला चिकटवलेला स्फटिक, सगळं जिथल्या तिथे होतं.

स्फटिक तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासा लांब होता. बिस्मथमध्ये थोडं अँटिमनी मिसळून विभागाच्याच भट्टीत वाढवलेल्या कांडीचा तुकडा. अशा पदार्थाला सेमीमेटल म्हणतात. तांब्यासारखी इलेक्ट्रॉनची रेलचेल त्यात नसते, आणि सिलिकॉनसारखी टंचाईही नसते. असला स्फटिक चुंबकात ठेवला की आतले इलेक्ट्रॉन वळायला लागतात, वाट लांबते आणि विजेला होणारा विरोध, म्हणजे रोध, भराभर वाढतो. हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही शिकवतात. पण काही थोडे स्फटिक असे निघाले आहेत की चुंबकाचं क्षेत्र विजेच्या दिशेने अगदी समांतर धरलं, तर रोध वाढण्याऐवजी पडतो. का पडतो, यावर जगात बरीच डोकी लागलेली आहेत. समांतर म्हणजे मात्र समांतरच. दांडी चार-पाच अंश जरी फिरली, तरी नेहमीची वाढ त्या पडण्याला गिळून टाकते.

पुनमच्या स्फटिकाचा रोध पडत होता. तिचा प्रबंध त्या एका उतारावर उभा होता. त्याच उताराचा लेख परदेशातल्या एका जर्नलने, दोनदा परत पाठवून, शेवटी स्वीकारला होता. छपाईपूर्वीचं प्रूफ नवमीच्या आदल्या संध्याकाळी आलं होतं आणि ते पुढच्या बुधवारपर्यंत तपासून परत करायचं होतं. पहिलं नाव पुनमचं होतं, दुसरं तिचे मार्गदर्शक चौधरी सरांचं. सरांनी पेढे वाटले होते. शुक्रवारची मोजणी पुनमने खरं तर हौसेपोटी काढली होती. प्रूफमधल्या एका आकृतीत एक ठिपका जरा बाजूला होता, तो पुन्हा घेऊन बघावा, इतकंच.

बुधवारच्या नवमीच्या पूजेनंतर शुक्रवारपर्यंत खोलीत कोणी आलं नव्हतं. विभागाला सुट्टी होती. कुलपाची किल्ली तिच्याकडे आणि भिकन नानांकडे. काय बदललं असेल, हे शोधत ती खोलीत फिरली. चुंबकावर झेंडूच्या माळा सुकत होत्या. टेबलावर पूजेतली आपट्याची पानं पडली होती. आणि मग तिला दांडीची कॉलर दिसली.

दांडीच्या डोक्यावर बांगडीएवढी पितळी कॉलर आहे. दांडी फिरवायची झाली की ती कॉलर धरून फिरवायची. कॉलरवर लाल खूण होती आणि जाराच्या झाकणावर बाण, बाणाच्या दोन्ही बाजूंना अंशांच्या रेघा. लाल खूण बाणाला लावली की शून्य अंश, म्हणजे चुंबकाचं क्षेत्र विजेला समांतर. पुनम विभागात आली त्या दिवशी तिला हे सांगितलं गेलं होतं आणि तिने पुढे दोघांना सांगितलं होतं. कॉलर कायम काळपट हिरवी असायची. आज ती देवघरातल्या ताम्हनासारखी चकाकत होती, आणि तिच्यावर बोटभर कुंकू होतं.

भिकन नाना व्हरांड्यात आपट्याचा कचरा झाडत होते. विभागातले सगळ्यात जुने परिचर. अमळनेरकडचे, बोलणं अहिराणी, आणि साहेब समोर असो की विद्यार्थी, भाषा बदलायची नाही.

"नाना, ही कॉलर कोणी घासली?"

"मीच. चिंच लाई, राख लाई, मस्त घासी. तूच म्हनी ना, नाना, यंदा दांडी हिरवी पडी गयी."

ती म्हणाली होती. खंडेनवमीला विभागातली सगळी यंत्रं बंद ठेवून त्यांची पूजा होते. व्होल्टमीटर, वजनं, पकडी, पाने, सगळं धुऊनपुसून मांडतात. दांडी बाहेर काढून पाटावर ठेवतात. पूजा नाना करतात, कारण कोणालाच मंत्र येत नाहीत आणि नानांना आपल्याला येत नाहीत याचं काही वाटत नाही. पुनमने या वर्षी आरती धरली होती आणि सात वाजताच्या बसने पहूरला घरी गेली होती. दांडी पुन्हा जारात कोणी ठेवली, हे तिने विचारलं नव्हतं.

"लाल खूण होती तिच्यावर."

"कुकू? ते निंघी गयं ना घासामा. मंग नवं लावं."

"कुठे लावलं?"

"व्हतं तठेच."

"नक्की?"

नानांनी झाडू भिंतीला टेकवला, आत आले, कॉलरकडे बघितलं आणि अंगठा तिच्यावरून इकडून तिकडे फिरवला. "तठेच म्हंजे, आठे-तठे. देवले काय अंश मोजीसन लावतस का?"

"नाना, ते कुंकू नव्हतं. ती रेघ होती."

"रेघ? पोरी, दर साली मी लावस तठे. बठ्ठासना आंगवर लावस, चुंबकले, मीटरले, दांडीले. दांडीवर लाल जागा व्हती, म्हनीसन तठे. आते ती जागा मन्हा आगोदर कोनी लाल करी, ते माले काय माहीत?"

पुनमने मोबाइलमधले जुने फोटो काढले. मागच्या नवमीचा फोटो सापडला. नाना, सर, ती, पाटावर दांडी. कॉलरवर नेमकं झेंडूचं फूल होतं.

तिने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. बारीक लाल रेघ. की एका बाजूने पुसलेला, कडेला रेघेसारखा उरलेला ठिपका? दोन वर्षं रोज ती त्या खुणेकडे बघत आली होती आणि आता तिला खूण दिसत होती, पण तिचा आकार दिसत नव्हता. कॉलरचा घेर बघता नानांच्या बोटाची रुंदीच वीसेक अंशांची होत होती.

मग तिने जे कोणीही केलं असतं ते केलं. कॉलर धरून दांडी एकेक अंश फिरवत गेली आणि प्रत्येक ठिकाणी चुंबक चालवून बघितला. नव्या कुंकवाच्या मधोमधपासून अकरा अंशांवर रांग खाली वळली. बाराला कमी, दहाला कमी, अकराला नीट. ओळखीचा उतार होता. तिला हायसं वाटलं, आणि ते वाटून संपायच्या आत काहीतरी टोचायला लागलं. काय टोचतंय ते तिला सरांच्या खोलीत जाईपर्यंत शब्दांत सांगता येत नव्हतं.

चौधरी सर प्रूफच वाचत होते. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा कपाळावर सरकवला.

"अकराला पडतोय?"

"हो."

"मग तेच शून्य. कुंकू पुसून टाक, तिथे मार्करने रेघ मार. झालं."

"सर, आधी आपण शून्य ठरवत होतो आणि पडतो का ते बघत होतो. आता पडतो ते बघून शून्य ठरवतोय."

सर हसले. "मग? नानांनी चिंच लावली म्हणून निसर्ग फिरला का?"

"निसर्ग नाही, सर. पण समांतर असताना पडतो, असं आपण लेखात लिहिलंय. समांतर होतं हे कशावरून? तर लाल खुणेवरून. लाल खूण कोणी मारली?"

"योगेंद्रने. दांडी त्याच्या वेळची आहे." सर थांबले. "की मी कानशीने चीर पाडली होती? चीर होती बहुतेक. लाल होतं की काळं होतं... पुनम, बारा-तेरा वर्षं झाली गं."

दोघांनी जाऊन कॉलर भिंगाखाली धरली. तिच्यावर सात चिरा होत्या. त्यातल्या काही राखेतल्या खड्यांच्या असणार. कोणत्या, ते कळायला मार्ग नव्हता.

शनिवारी पुनमने जार काढून टाकला आणि उघड्या डोळ्यांनी जुळवून बघायचं ठरवलं. दांडीच्या तळाची पट्टी आणि चुंबकाच्या लोखंडाची कड, दोन्ही एका ओळीत दिसल्या की समांतर. गवंडी लावतात तसा ओळंबा तिने वरून सोडला. स्वतः बघितलं तेव्हा तिला कुंकवापासून नऊ अंश वाटले. दुपारी पुन्हा बघितलं, तेव्हा पाच. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास राहिला नाही म्हणून तिने नानांना खाली बसवलं.

"नाना, ही पट्टी आणि लोखंड सरळ दिसतंय?"

"दिसस."

तिने दोन अंश फिरवलं. "आता?"

"दिसस."

"आणि आता?"

"हाईभी सरळच शे. तुले कशी जोयजे ते सांग, तशी दिसी."

शिवाय हे सगळं खोलीच्या उकाड्यात चाललं होतं. नायट्रोजनमध्ये गेल्यावर दांडी आकसते, आकसताना किंचित पिळते. किती पिळते, हे कोणी मोजलं नव्हतं. मोजायची गरज पडली नव्हती, कारण लाल खूण होती.

रविवारी सकाळी ती धुळ्याच्या बसमध्ये बसली. योगेंद्र महाले हा चौधरी सरांचा पहिला विद्यार्थी, आता धुळ्याच्या एका कॉलेजात शिकवतो. फोनवर त्याने "ये, जेवायलाच ये" एवढंच म्हटलं होतं. पारोळ्याच्या अलीकडे आईचा फोन आला. वच्छलाबाईंना मुलीच्या कामातलं एवढं ठाऊक होतं की एक दगड आहे, तो थंड करतात आणि त्याच्यावर पुनमची पदवी अडकलेली आहे.

"काय वं, तुह्या दगडाचं छापून येतंय ना? तुह्या बाबानं जामनेरच्या मार्केटात दहा जणांले सांगून ठेवलंय."

"येईल, आई."

"येईल का येतंय?"

"प्रूफ आलंय. बघते आहे."

"अशी काय बोलते? बिघडलं का काही?"

"बिघडलं का नाही, तेच कळत नाहीये."

"मले सांग, आधी बरोबर होतं का?"

"तेही कळत नाहीये," पुनम म्हणाली, आणि रेंज गेली.

योगेंद्रच्या घरी कळण्याची भाकरी आणि शेवभाजी होती. कोकिळावहिनींनी ताट वाढलं आणि त्याही समोर बसल्या. पुनमने कॉलरचा फोटो दाखवला आणि विचारलं, "योगेंद्रभाऊ, ही लाल खूण तुम्ही केली होती?"

"केली होती की. चांगली आठवते. नेलपेंटने केली होती. हिच्या."

"माझ्या?" वहिनींनी हात थांबवला. "दांडी कधीची तुमची?"

"एम.फिल.च्या वेळची."

"तेव्हा तुम्ही मला बघायलाही आला नव्हता."

योगेंद्र घास हातात धरून बसला.

"बोला ना," वहिनी म्हणाल्या. "कोणाचं नेलपेंट होतं ते? पुनम, तू आज छान काम केलंस हं. खा, भाजी घे."

"अगं, मग ऑइलपेंट असेल. वर्कशॉपमधलं."

"आत्ता तर चांगली आठवत होती."

हसणं झालं आणि पुनमने फोटो पुन्हा पुढे केला. तिने पुढचं विचारलं. "ती शून्याची खूण होती ना?"

योगेंद्रने पाणी प्यायला वेळ घेतला. "शून्याची? मला वाटतं, शून्य सरांनी कानशीने केलं होतं. लाल होती ती तारा खिडकीच्या बाजूला याव्यात म्हणून. मीटर खिडकीपाशी होते ना तेव्हा. दांडी उलटी घातली की तारा ताणायच्या, म्हणून लाल खूण खिडकीकडे." तो थांबला. "आता मी हे आठवून सांगतोय, की तू विचारलंस म्हणून मला तसं वाटायला लागलं, ते मात्र सांगता येत नाही. नेलपेंटचं बघितलंस ना."

"तुम्ही मोजायचात तेव्हा लाल खूण बाणाला लावायचात?"

"आम्ही आडव्या क्षेत्रात, विजेला काटकोनात, मोजायचो. पाच-दहा अंश इकडे-तिकडे, आम्हाला काय फरक पडत होता? समांतरची फॅशन नंतर आली."

म्हणजे ती खूण दहा अंश चुकीची असली, तरी त्यांना कळलं नसतं. आणि दहा अंश चुकीच्या खुणेवर पुनमचा रोध दोन वर्षं पडत होता. चूक असेल, तर प्रश्न होता की समांतर नसताना तो पडला कसा. बरोबर असेल, तर बरोबर आहे हे आता दाखवायचं कसं?

संध्याकाळी योगेंद्र तिला स्टँडवर सोडायला निघाला. पांझरेच्या लहान पुलावर त्याने स्कूटर थांबवली. पाऊस नुकता सरला होता, पात्रात पाणी बऱ्यापैकी होतं.

"हे आत्ता भरलेलं दिसतंय," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये ये. सगळं पाणी मधल्या एका चिंचोळ्या धारेत जातं. वरून तेवढंच सोडलेलं असतं, पण काठावर उभा राहिलेला माणूस म्हणेल, नदी आटली. बिस्मथमध्ये तसं होतं. क्षेत्र विजेच्या दिशेला आणलं की वीज पसरत नाही, एका धारेत पळते. तुझ्या मोजायच्या तारा कुठे लावल्यात?"

"एका कडेला. दोन्ही एकाच कडेला."

"काठावर."

पुनमने कठड्यावरून वाकून काठ पाहिला.

"म्हणजे तुझा रोध खरंच पडत असेल," योगेंद्र म्हणाला, "किंवा धार तुझ्या काठापासून लांब जात असेल आणि तुला वाटत असेल की पडला. दुसऱ्या कडेलाही तारा लाव. दोन्ही काठांवर एकाच वेळी पडला, तर खरं. एकीकडे पडला आणि दुसरीकडे चढला, तर धार फक्त सरकली."

"हे तुम्ही लेख वाचलात तेव्हा का नाही सांगितलं? मी तुम्हाला मार्चमध्ये पाठवला होता."

"वाचला नव्हता," योगेंद्र म्हणाला. "उघडला होता."

सोमवारी सकाळी तिने सरांना हे सांगितलं. सरांना मुद्दा नवा नव्हता. जर्नलच्या परीक्षकांपैकी एकाने पहिल्या फेरीत तो विचारला होता आणि सरांनी उत्तरात लिहिलं होतं की स्फटिक लांब आणि अरुंद असल्याने ती शक्यता कमी आहे. परीक्षकाचं समाधान झालं होतं.

"त्या स्फटिकाला हात लावू नकोस," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्याच कांडीतल्या बाकीच्या तुकड्यांचा रोध पडत नाही. याच एकाचा पडतो. तो पाटीसारखा ठिसूळ आहे, कड उचकटली की पापुद्रे सुटतात. फुटला तर तू काय दाखवणार? आधी खरं होतं, की नव्हतं?"

"बाकीच्यांचा का पडत नाही, हेही आपल्याला माहीत नाही, सर."

"शुद्धता. लेखात लिहिलंय."

"मीच लिहिलंय ते. मला खात्री होती तेव्हा लिहिलं."

"आता नाही?"

"आता खात्री आहे की नाही, हेही नक्की सांगता येत नाही."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "पुनम, माणूस इतक्यांदा दार लावलं का म्हणून परत जाऊन बघायला लागला, तर घराबाहेर पडणार कसा? प्रूफ बुधवारी जाईल."

दुपारभर ती काहीही न करता चुंबकासमोर बसली. सरांचं म्हणणं चूक नव्हतं. तपासायला गेलं की जे तपासायचं तेच फुटायचं. आणि न तपासता पाठवलं, तर पहिलं नाव तिचं होतं. कोणी तरी, कुठे तरी, दोन्ही काठांवरून मोजणारच होतं. आज ना उद्या. चारच्या सुमारास तिने सरांना मेसेज केला: "दुसऱ्या कडेला दोन तारा लावतेय. जुन्या तारांना धक्का लावणार नाही." मेसेजवर दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. नको, असंही आलं नाही.

दांडी वर काढून ती कोमट होऊ दिली. मग सूक्ष्मदर्शकाखाली, केसाएवढ्या सोन्याच्या तारेच्या टोकाला चांदीच्या लेपाचा थेंब घेऊन, तिने तो दुसऱ्या कडेला टेकवला. श्वास रोखून. पहिला थेंब पसरला, तो तिने तसाच सोडला. दुसरा नीट बसला. स्फटिकावर एक बारीक रेषा दिसली. आधीची होती का, तिला सांगता आलं नाही. लेप वाळायला रात्रभर ठेवला.

मंगळवारी सकाळी तिने दांडी जारात सोडली. नाना दारात उभे होते.

"कुकू पुसू का?"

"राहू द्या. तेवढीच एक खूण आहे आपल्याकडे."

कुंकवाचा मध्य बाणाला लावून तिथून कॉलर अकरा अंश फिरवली. चुंबक सुरू केला. आता स्क्रीनवर दोन रांगा होत्या, जुन्या काठाची निळी आणि नव्या काठाची लाल. निळी उतरली, ओळखीने, नेहमीसारखी. लाल चढली.

म्हणजे धार सरकली. म्हणजे दोन वर्षं ती काठावर उभी राहून नदी मोजत होती. हे मनात बसायला लागलं तेवढ्यात, केवळ पुरं करायचं म्हणून, तिने कॉलर तीन अंश मागे घेतली. आठ अंशांवर लाल उतरली आणि निळी चढली. हे अपेक्षितच होतं, उलटा काठ. मग तिने मधली जागा घेतली, साडेनऊ.

दोन्ही उतरल्या.

फार नाही. मीटर आपला आपण जितका थरथरतो, त्याच्या आसपास. पण दोन्ही, आणि एकाच वेळी. तिने पुन्हा घेतलं. या वेळी दोन्ही जवळजवळ सपाट राहिल्या, शेवटाला किंचित खाली. तिसऱ्यांदा घ्यायला सुरुवात केली तेव्हा मागे सर उभे होते. ते कधी आले, तिला कळलं नव्हतं.

"कोणत्या कोनाला?"

"साडेनऊ."

"शनिवारी डोळ्याने किती आलं होतं?"

"एकदा पाच, एकदा नऊ."

सर खुर्ची ओढून बसले. तिसरी फेरी अर्ध्यावर आली आणि दोन्ही रांगा एकदम वर निघाल्या. तापमान वाढायला लागलं होतं. पुनमने जाराचं झाकण किलकिलं केलं. तळाशी बोटभर धूर होता.

"नायट्रोजन संपला, सर."

"टेम्पो?"

"गुरुवारी."

नायट्रोजनचा टेम्पो आठवड्यातून एकदा येतो. तो खरं तर जनावरांच्या दवाखान्यांसाठी येतो. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवायचे जार भरत गावोगाव जातो आणि कॉलेजला वाटेत देतो. नानांचा भाचा एका दवाखान्यात आहे. नानांनी तिथे फोन लावला, बराच वेळ बोलले, मध्येच हसले आणि फोन ठेवला.

"तो म्हनस, शे आमनाकडे, पन त्यामा मुऱ्हा रेडास्ना माल शे. तुमना दगडसाठे आमन्या म्हशी गाभन ऱ्हावाले नको का?"

कोणी हसलं नाही. मग सरच थोडे हसले. त्यांनी निळी रांग पाहिली, लाल पाहिली, दोन्हींच्या मधोमध बोट ठेवलं आणि उचललं. "दोन फेऱ्या," ते म्हणाले. "एक हो म्हणते, एक धड काहीच म्हणत नाही."

"आणि लेखातला उतार याच्या वीसपट आहे."

"तो अकराला."

"हो. तो अकराला, आणि एकाच काठावर."

सर उठले. दारापाशी थांबून त्यांनी विचारलं, "तू काय म्हणतेस?"

पुनमने उत्तर जुळवून पाहिलं. पडतो म्हणावं, तर लेखातला आकडा खोटा होता. पडत नाही म्हणावं, तर साडेनऊवर दोन्ही उतरल्या होत्या. तिने ते बघितलं होतं. "गुरुवारी सांगते," ती म्हणाली.

"मुदत बुधवारची आहे."

"माहीत आहे, सर."

जर्नलच्या संकेतस्थळावर प्रूफ परत करायचा अधिकार फक्त सरांच्या खात्याला होता. पुनमला तिथे लेखाची स्थिती तेवढी दिसायची. बुधवारी सकाळी सर कॉलेजात आले, दोन तास घेतले, खोलीत गेले. दुपारी नानांनी चहा आत नेऊन ठेवला आणि कप तसाच भरलेला परत आणला. सर काय करत होते, असं पुनमने विचारलं. नाना म्हणाले, बसेल शेत. म्हणजे नुसते बसले होते.

टेम्पोवाल्याने दुपारी कळवलं की गाडी गुरुवारी सकाळी पहूरमार्गे येईल. कॉलर पेन्सिलच्या खुणेवर, साडेनऊ अंशांवर, घट्ट बांधून ठेवली होती. स्फटिक फुटलेला नव्हता.

बुधवारी संध्याकाळी सहा वाजता लेखाच्या नावापुढे अजून "प्रूफ लेखकांकडे" असं लिहिलेलं होतं, आणि सरांच्या खोलीत दिवा चालू होता.